मधल्या सुट्टीचा तास

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वेळापत्रकात गणिताला शिक्षक असतो, भूगोलाला असतो, कवायतीलाही असतो. एका तासाला मात्र कोणी शिक्षक नसतो, तो तास मधल्या सुट्टीचा. घंटा होते, डबे उघडतात आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे मुले परस्परांच्या स्वाधीन होतात. मूल घरी परतले की आई विचारते, 'आज काय शिकवलं?' फार तर विचारते, 'डबा संपवलास का?' डबा कोणाबरोबर खाल्लास, हे विचारण्याची पद्धत आपल्या घरांत नाही. वास्तविक मुलाचे शाळेतील सुखदुःख पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेले असते. पहिला क्रमांक मिळवणारा मुलगा मधल्या सुट्टीत एकटा बसत असेल तर त्याच्या प्रगतिपुस्तकातील आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. अभ्यासात बेताच्या मुलाला चार जिवाभावाचे सवंगडी असतील, तर तो सकाळी दप्तर उचलून उड्या मारत शाळेत जातो.

मुलांची भांडणे ही चिंतेची बाब नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मुले भांडतात, कट्टी घेतात, दुसऱ्या दिवशी बट्टी करतात. कट्टीत दोघेही बरोबरीचे असतात. दोघांनाही राग येतो, दोघांनाही चैन पडत नाही आणि म्हणूनच ती टिकत नाही. या भांडणांत मोठ्यांनी नाक खुपसू नये, हेच उत्तम. चिंता करावी ती वेगळ्या गोष्टीची. एका मुलाला अनेकांनी मिळून, दिवसामागून दिवस बाजूला ठेवणे, त्याच्याशी न बोलणे, खेळात न घेणे, त्याला एखादे हिणकस नाव देऊन सर्वांनी त्याच नावाने हाक मारणे, याला मराठीत जुना शब्द आहे, वाळीत टाकणे. प्रौढांनी कोणाला वाळीत टाकले तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्याच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. जातपंचायतींच्या जाचातून माणसांना सोडवण्यासाठी असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या पंचायतीला अर्थातच कोणता कायदा लागू होत नाही आणि होऊही नये. परंतु शिक्षा भोगणाऱ्याची वेदना दोन्हीकडे सारखीच असते. किंबहुना मुलाची अधिक, कारण त्याच्यापाशी जाण्यासाठी दुसरे गाव नसते.

या वेदनेची महाराष्ट्राला परिचित असलेली सर्वांत जुनी कथा याच जिल्ह्याशी निगडित आहे. शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तेराव्या शतकात आळंदीची चार भावंडे शुद्धिपत्र मागण्यासाठी तेथे आली. पित्याने संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने तो पुन्हा गृहस्थाश्रमात परतला, हा त्या मुलांचा अपराध. स्वतः काहीही न केलेल्या त्या लेकरांना 'संन्याशाची पोरे' हे नाव चिकटले. चिडवण्याचे नाव असेच असते. ते मुलाच्या कृतीवरून क्वचितच पडते. त्याच्या घरावरून, बापाच्या धंद्यावरून, रंगावरून, बोलण्यातील अडखळण्यावरून पडते, म्हणजे ज्यावर त्याचा काही इलाज नाही अशाच गोष्टीवरून. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांना परस्परांखेरीज सवंगडी कोण होते, याची कथेत कोठे नोंद नाही. परंपरा असे सांगते, की कोणाच्या तरी कठोर शब्दांनी दुखावलेल्या ज्ञानदेवांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली. त्यांना बाहेर आणले ते धाकट्या मुक्ताईने. 'ताटीचे अभंग' म्हणून मराठी मनात रुजलेली रचना त्या प्रसंगाची. कीर्तनकार त्यातील अध्यात्म उलगडून सांगतात आणि ते योग्यच आहे. शिक्षकाने मात्र त्यातील साधी गोष्टही पाहावी. दुखावलेले मूल दार लावून घेते आणि ते दार बाहेरून ढकलून उघडत नाही. कोणीतरी दाराशी बसून बोलावे लागते. बहुधा ते कोणीतरी वयाने आणि मनाने जवळचे असावे लागते.

या चार भावंडांना आपण पुढे माउली म्हटले, दिंड्या-पताका काढल्या. जिवंतपणी त्यांना पंक्तीबाहेर ठेवले होते, हे विसरणे सोपे गेले. हिंदू समाजाचा हा जुना दोष आहे. थोर झालेल्याला डोक्यावर घ्यायचे आणि लहान असताना त्याला उंबऱ्याबाहेर उभे करायचे. याचे दुसरे उदाहरण फार दूरचे नाही. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत भिवाला वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. शिपाई नसला तर पाणीच नाही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात घडलेला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो. शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. वर्गातील मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. तो फळ्याकडे निघताच मुलांची एकच धावपळ उडाली. त्याचा स्पर्श होण्याआधी प्रत्येकाला आपला डबा तेथून उचलायचा होता.

या प्रसंगात शिक्षकाने काही वाईट केले नाही. त्याने हुशार विद्यार्थ्याला फळ्याशी बोलावले, म्हणजे चांगलेच केले. शाळेच्या नियमपुस्तकातही डबे हलवा असे कोठे लिहिलेले नसणार. मुलांना कोणी आज्ञा दिली नव्हती. तरीही सगळी एकदम धावली. घरी, स्वयंपाकघरात, विहिरीवर जे त्यांनी न शिकवता शिकून घेतले होते ते त्या क्षणी त्यांच्या पायांत आले. वर्गातील वागणुकीचे मूळ बहुतेकदा वर्गाबाहेर असते, ते असे.

त्याच बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि निजामी राजवटीतून मुक्त होऊन दोनही वर्षे न झालेल्या मराठवाड्यात, या शहरात, जून १९५० मध्ये महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नागसेनवनाच्या त्या परिसरात वर्गांइतकेच महत्त्व वसतिगृहांना होते. खेड्यातून आलेल्या, आयुष्यात प्रथमच गावकुसाच्या आत निजलेल्या मुलांना तेथे पुस्तकांबरोबर शेजारी मिळाला, खोलीतला सोबती मिळाला. ज्याला शाळेत सोबती नाकारला गेला त्याला वसतिगृहाचे मोल अधिक कळले असेल, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

हे सर्व शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, आता तसे काही उरलेले नाही, असे अनेक पालक प्रामाणिकपणे मानतात. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत स्वयंपाकीण अनुसूचित जातीची आहे म्हणून मुलांनी माध्यान्ह भोजन नाकारले. मग दुसऱ्या बाजूच्या मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिला. देवभूमीतील ही घटना आहे. मुले किशोरवयीन होती. त्यांचा जन्म एकविसाव्या शतकातला.

आपल्या शहरांत हे इतके उघड घडत नाही, हे खरे आहे. येथे रूप बदलले आहे. गोणपाट गेले आणि त्याच्या जागी वाढदिवसाचे निमंत्रण आले. वर्गातल्या चाळीसांपैकी पस्तीस जणांना बोलावणे जाते. उरलेल्या पाचांना सोमवारी इतरांच्या हातातल्या भेटवस्तूंवरून समजते. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट असतो आणि त्यातून तिघांना वगळून केलेला दुसरा गट असतो. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात कामगार म्हणून आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबातील मुलगा मराठी वर्गात पहिले कित्येक आठवडे केवळ त्याच्या बोलण्याची नक्कल ऐकत असतो. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात गावाकडची मुलगी 'आन' आणि 'पाणी' म्हणताना हसण्याचा विषय होते, तीही तिच्याच मायबोलीच्या मुलुखात! आडनाव ऐकून क्षणभर थांबणारी नजर तर अजून कोठेही गेलेली नाही. मुले ती नजर वाचतात. 'चांगल्या घरातल्या मुलांशीच मैत्री कर' हे वाक्य सुशिक्षित, संस्कारी म्हणवणाऱ्या घरांत सर्रास उच्चारले जाते. आईच्या मनात त्याचा अर्थ व्यसनांपासून, शिवराळ भाषेपासून दूर राहा, इतकाच असेल. मुलाला मात्र त्यातून घरांची प्रतवारी समजते. एल्फिन्स्टनमध्ये डबे उचलायला धावलेली मुलेही चांगल्या घरांतलीच होती.

एक गोष्ट जाता जाता नोंदवली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडी शिजते, एका पातेल्यातून वाढली जाते, मुले ओळीने बसून जेवतात. त्या खिचडीविषयी तक्रारी असतात आणि त्या पुष्कळदा रास्तही असतात. परंतु महागड्या शाळांतून जी गोष्ट पैसे मोजूनही मिळत नाही ती तेथे रोज घडते, ती म्हणजे पंगत.

संपन्न घरच्या मुलांशेजारी गरीब घरचे मूल बसले तर काय होते? हा प्रश्न शिक्षण हक्क कायद्याने सर्वांसमोर आणला. २००९ च्या या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळच शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट देणारा बदल केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला. त्या काळात पालकांच्या चर्चांत एक सूर वारंवार उमटत होता, 'त्या मुलांमुळे आमच्या मुलांवर परिणाम होईल.' परिणाम होतो, हे खरेच आहे. तो कसा होतो, याचा एक काळजीपूर्वक अभ्यास दिल्लीत झाला आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील उच्चभ्रू शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील श्रीमंत मुलांची तुलना केली. ज्यांच्या वर्गात गरीब सोबती होते ती मुले अधिक उदार, मदतीला अधिक तत्पर आढळली. शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, गरीब मुलगा वेगाने धावणारा असूनही त्याला डावलून आपल्या थरातला मुलगा घेण्याची वृत्ती त्यांच्यात कमी होती. गरीब मुलांबरोबर खेळायला जाण्यास ती सहज तयार होती. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली आणि वर्गातील शिस्तीवरही थोडा परिणाम झाला, हेही संशोधकाने लपवलेले नाही. २०१९ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार गुण घालवून मुलगा माणसे ओळखायला शिकत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे काय, याचा विचार ज्या त्या पालकाने करावा. समरसतेवर भाषणे ऐकणाऱ्या आणि आयोजित करणाऱ्या मंडळींनी तर तो आधी करावा. आपले मूल कोणाच्या शेजारी बसते, हीच समरसतेची खरी परीक्षा असते. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली.

पाश्चात्त्य देशांकडून कुटुंबव्यवस्था उसनी आणू नये, हे मान्य. परंतु मुलांच्या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रथम त्यांनी केला, हेही मान्य करावे लागते. नॉर्वेच्या उत्तर भागात १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी जीवन संपवले. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचे कारण असावे, असा निष्कर्ष निघाला आणि पुढच्याच वर्षी तेथील सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातील शाळांत काम केले. दोन वर्षांत छळाच्या घटना सुमारे निम्म्याने घटल्या. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत मैदानावर उपस्थित राहणे, वर्गाने मिळून नियम ठरवणे, दोन्ही बाजूंच्या पालकांशी बोलणे, असे उपाय त्यात होते. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगात जवळजवळ तीनपैकी एक विद्यार्थी महिन्यातून एकदा तरी शाळेत सोबत्यांच्या त्रासाला सामोरा जातो.

याहून उद्‌बोधक काम फिनलंडमध्ये झाले. तुर्कू विद्यापीठातील ख्रिस्टीना साल्मिवाली यांनी चिडवणारा आणि चिडवला जाणारा या दोघांवरून दृष्टी काढून भोवतालच्या मुलांकडे वळवली. कोणी चिडवणाऱ्याला साथ देतो. कोणी नुसता हसतो. बहुसंख्य मुले गप्प राहून पाहतात वा निघून जातात. थोडी मुले बाजू घेतात. चिडवणाऱ्याला खरे हवे असते ते हसू, कारण त्यानेच त्याचा दबदबा वाढतो. हसू थांबले की चिडवण्यातील गोडी संपते. या विचारावर आधारलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम पुढे त्या देशातील बहुसंख्य शाळांनी स्वीकारला.

आपल्याकडे शासनाच्या आदेशानुसार शाळांत तक्रारपेट्या आल्या, सखी-सावित्री समित्या आल्या, कॅमेरेही आले. मुलींच्या आणि लहानग्यांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहेत. परंतु कॅमेऱ्याला मारलेली थप्पड दिसते. बाकावर सरकून घेतलेली जागा दिसत नाही. 'कोणी माझ्याशी बोलत नाही' अशी चिठ्ठी तक्रारपेटीत टाकावी असे कोणत्या मुलाला वाटेल? त्याला तर वाटत असते, की दोष आपल्यातच आहे.

मुलांना सामावून घेण्याची रीत शोधायला आपल्याला फिनलंडपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नव्हती. मराठी अंगणात लपाछपी वा आट्यापाट्या खेळताना सर्वांत धाकट्या वा दुबळ्या भिडूला 'कच्चा लिंबू' करीत. तो धावणार, ओरडणार, सर्वांबरोबर दमणार. बाद झाला तरी राज्य त्याच्यावर येणार नाही. हा नियम कोणा मोठ्याने केला नाही, मुलांनीच तो पिढ्यानपिढ्या चालवला. अर्थात कायम कच्चा लिंबू राहणे कोणालाच आवडत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ती सवलत अपमानासारखी लागते, एवढे तारतम्य त्या खेळणाऱ्या मुलांनाही असे आणि योग्य वेळी ती त्याला पक्का भिडू करून टाकीत.

याहून मोठी गोष्ट गोपाळकाल्याची. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. पैठणला नाथषष्ठीचा उत्सवही फाल्गुन वद्य अष्टमीला काल्याची हंडी फोडून संपतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. गाई चारायला गेलेल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाचे दहीपोहे, कोणाची शिळी भाकरी. कृष्णाने त्या सगळ्या एकत्र कालवल्या आणि प्रत्येकाला घास दिला. मराठी संतांनी या कथेत पेंद्याला आणून बसवले आहे. पेंद्या लंगडा, अडखळत बोलणारा, सर्वांच्या मागे पडणारा. तरीही काला त्याच्याशिवाय सुरू होत नाही. शंभर टक्के गुण मिळवणाऱ्या गोपाळाचे नाव कोणाला ठाऊक नाही, पेंद्याचे नाव आहे. आणि पेंद्याची शिदोरीही त्या काल्यात आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे. दुसऱ्यांच्या डब्यातले खायला मिळणे म्हणजे दया. आपले काही सर्वांच्या घासात मिसळणे ही बरोबरी.

हीच बरोबरी अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरातील वर्गांत एका मानसशास्त्रज्ञाने निराळ्या वाटेने साधली. १९७१ मध्ये तेथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पाहिले, की वर्गात सतत चढाओढ आहे. शिक्षक प्रश्न विचारतो, हात वर होतात, एकाचे उत्तर चुकले की बाकीच्यांना आनंद. त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तितकेच तुकडे केले. प्रत्येकाने एक तुकडा नीट शिकायचा आणि इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र सर्वांनी पूर्ण धड्याची द्यायची. एका गटात मोडके इंग्रजी बोलणारा मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. त्याची पाळी आली तशी मुले सवयीने त्याची टर उडवू लागली. निरीक्षकाने शांतपणे आठवण दिली, की थोड्याच वेळात परीक्षा आहे आणि या भागाची माहिती केवळ याच्यापाशी आहे. मुले थांबली. मग प्रश्न विचारू लागली, तेही त्याला उत्तर देता येईल असे सोप्या भाषेत. काही दिवसांत त्याचे अडखळणे कमी झाले आणि इतरांना तो मूर्ख वाटेनासा झाला. 'सर्वांशी प्रेमाने वागा' असे फलक त्या वर्गात लावावे लागले नाहीत. प्रत्येकाची शिदोरी प्रत्येकाला लागेल, एवढीच व्यवस्था केली गेली. साठ मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत हे रोज जमणार नाही, हे येथे बसलेल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. इतिहासाच्या वा परिसर अभ्यासाच्या एखाद्या पाठाला, महिन्यातून दोनदा, जमण्याजोगे आहे.

पूर्वी शाळेत एकटा पडलेल्या मुलाला संध्याकाळ तरी असे. गल्लीत, मैदानावर, शाखेत त्याला दुसरे सोबती मिळत. डॉ. हेडगेवारांनी १९२५ मध्ये नागपुरात संघकार्य सुरू केले, त्याचा प्रारंभच मुलांच्या खेळांच्या आधारे झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याच्या शिबिरात महात्मा गांधी आले, तेव्हा एकत्र राहणाऱ्या-जेवणाऱ्या स्वयंसेवकांना एकमेकांची जातही ठाऊक नाही, हे पाहून ते प्रभावित झाले होते. सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत त्यांनी त्या भेटीचा उल्लेखही केला. कबड्डीच्या मैदानात मातीने माखलेल्या मुलाला आडनाव विचारायला सवड नसते. पण आज ती संध्याकाळ कोठे आहे? मैदानांवर वाहने उभी आहेत आणि मुले शिकवणीच्या वर्गांत बसली आहेत. शाखेच्या वेळेला मुले येत नाहीत ही कार्यकर्त्यांची व्यथा आहे. त्या व्यथेचा अर्थ केवळ संख्या घटली एवढाच घेतला जाऊ नये. मुलाच्या आयुष्यातून समवयस्कांचे दुसरे जग नाहीसे झाले आहे. म्हणून शाळेतील वाळीत पडणे पूर्वीपेक्षा जड झाले आहे.

शिक्षकाच्या हाती एक जुने साधन आहे, ज्याला खर्च नाही. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते मांडले. प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर गुपचूप लिहायला सांगायचे, 'तुला कोणाशेजारी बसायला आवडेल?' दोन-तीन नावे पुरेत. 'कोण आवडत नाही' हे कदापि विचारू नये, त्याने नवे घाव होतात. चिठ्ठ्या घरी नेऊन कागदावर नावांमध्ये बाण काढायचे. कोणाकडे दहा बाण येतात, कोणाकडे दोन आणि एखाद-दुसरे नाव असे असते ज्याच्याकडे एकही बाण येत नाही. ती चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही, वर्गात त्याचा उच्चार करायचा नाही. त्या मुलाने कोणाचे नाव लिहिले आहे ते पाहायचे आणि पुढच्या बाकबदलात, काही विशेष घडत नसल्यासारखे, त्याला त्या मुलाशेजारी बसवायचे. एक मित्र पुरतो. वर्गातील सर्वांनी आपल्यावर प्रेम करावे ही कोणत्याच मुलाची मागणी नसते.

आणि मराठवाड्यातील शिक्षकाने या कागदावर एका मुलासाठी वेगळी खूण ठेवावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याचे आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पुष्कळदा त्यालाही बरोबर नेतात. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, काही सेवाभावी संस्था अशा मुलांना ठेवून घेतात, तरी सर्वांची सोय होत नाही. हंगाम आटोपून तो परततो तेव्हा वर्ष संपत आलेले असते. गणितात तो मागे पडलेला असतो हे सर्वांच्या लक्षात येते, कारण ते परीक्षेत दिसते. त्याच्या जोडीदाराने पाच-सहा महिन्यांत दुसरा जोडीदार केलेला असतो, हे परीक्षेत दिसत नाही. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि मधल्या सुट्टीत भिंतीशी उभा राहतो. त्याच्या अनुपस्थितीत बाकावरची त्याची जागा त्याच्याच नावाने राखता येते. वर्गाकडून महिन्याला त्याला एक पत्र जाऊ शकते. आता प्रत्येक तोडकऱ्याच्या टोळीत भ्रमणध्वनी असतो, त्यावर वर्गमित्रांचा आवाज पोहोचू शकतो. आणि तो येण्याच्या आदल्या दिवशी वर्गात एवढे ठरवता येते, की उद्या त्याच्याबरोबर डबा कोण खाणार.